पुढे गेलेला नंबर

मी दवाखान्याच्या भिंतीवरचा, नंबर पुकारणारा फलक बोलतोय. आवाज फाटका येतो, तेवढं चालवून घ्या. तोंडावर स्टूल बसलंय माझ्या.

मी यायच्या आधी इथे बळी तो कान पिळी असाच कारभार होता. ज्याची कोपरं टणक, त्याचा डॉक्टर. बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत आणि पुरुष कॉलर धरत. एकदा दोघा सख्ख्या भावांनी रांगेवरून एकमेकांची नाकं फोडली, आणि मग टाके घालून घ्यायला पुन्हा रांगेतच उभे राहिले.

मग रांगांचं गणित शिकलेल्या एक बाई आल्या. कोणाला आत किती वेळ लागतो ते त्यांनी दारात बसून पाहिलं. टाके काढणं, रिपोर्ट दाखवणं अशी चुटकीसरशी होणारी कामं त्यांनी वेगळ्या रांगेत घातली. त्यांचे नंबर हिरवे, बाकीच्यांचे तांबडे. पुकारायला मला लावलं. सगळ्यांचंच ताटकळणं खूप कमी झालं, हे मी कबूल करतो.

जाताना बाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "लोकांना थांबायचा राग येत नाही, साहेब. मागून आलेला पुढे गेला की येतो. हिरवा-तांबडा म्हणजे काय, ते फलकाखाली लिहून लावा."

"फलक बोलतोय की," साहेब म्हणाले.

मी नुसते नंबर बोलतो. पाटी काही लागली नाही.

एका सकाळी एक गॅरेजवाला म्हाताऱ्या आईला घेऊन आला. ती छातीवर हात दाबून होती, पण खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली, "पित्त झालंय, दुसरं काही नाही." त्याने मान वर न करता तांबडा नंबर दिला.

हिरवे भराभर आत जाऊ लागले. गॅरेजवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा माझ्यामागून आला ना?"

"त्याचा नंबर वेगळा आहे," कारकून म्हणाला.

"वेगळा म्हणजे वशिल्याचा?"

बोटाला पट्टी बांधलेला एक जण हसला. "आमचा हिरवा आहे, बाबा."

पहिला ठोसा त्याच्या हसऱ्या तोंडावर बसला. दात फरशीवर पडला. मग बाकीचे तांबडेही उठले. सलाइनची दांडी कोणाच्या तरी पाठीत बसली, कारकुनाचं डोकं खिडकीच्या काचेतून बाहेर आलं. रक्तावरून माणसं घसरत होती आणि पडलेल्याला तुडवत होती.

त्याच गदारोळात मी म्हाताऱ्या आईचा नंबर पुकारला. एकदा. दोनदा.

"अरे, आपला नंबर आला," ती म्हणाली. उठायला गेली आणि बाकावरच कलंडली. तिसऱ्यांदा पुकारताना तिच्या लेकाने भिरकावलेलं स्टूल माझ्यावर येऊन आदळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तीनदा पुकारून कोणी आलं नाही, तर पुढचा नंबर घ्यायचा, असा मला नियम आहे. मी पुढचा घेतला.

मारून दमल्यावर तो मागे वळला. आईचे डोळे उघडे होते. डॉक्टरांनी मानेला बोटं लावली आणि काढून घेतली. तो तिला उठवत राहिला, "चल गं, आता आपलाच नंबर आहे."

आता माझ्याखाली पाटी लागली आहे. नंबर देण्याआधी एक सिस्टर प्रत्येकाचा चेहरा बघते. मला चिकटपट्टी लावून पुन्हा टांगलंय.

रांगा लावणाऱ्यांनो, का थांबायचं ते माणसांना सांगत जा. आणि हात उगारणाऱ्यांनो, त्याआधी जरा कान द्या. मी कदाचित तुमच्याच आईचा नंबर पुकारत असेन.