मुठीत राहिलेले मणी

"काका, चेहरा नाही, फक्त हात दिसणार आहेत. टेन्शन कशाला घेता यार!" अंशुमन म्हणाला, तरी आमच्या ह्यांच्या कपाळावरचा घाम काही हटेना.

अंशुमन आमच्या शेजारच्या इंदुमतीचा मुलगा, सिनेमावाल्यांकडे असिस्टंट. चोरट्या जुगाराच्या अड्ड्यावरचा सिनेमा, शूटिंग आमच्या फरीदाबादेतच एका बंद कारखान्यात, आणि हिरोला पत्ते धड पिसता येईनात. हे नको नको म्हणत होते. मीच मागे लागले. "चला हो! रिटायर झाल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसता. मीही येते."

ह्यांचा हात मुळातच चलाख. नोकरीत असताना शनिवारी मित्रांकडे पत्ते चालायचे, त्यावरून मी घर डोक्यावर घ्यायची. मग एकदा माझं मंगळसूत्र गाठवायला घेऊन गेले, आणि मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी ते वाटेत हिसकावलं. झटापटीत ह्यांच्या मुठीत चार काळे मणी राहिले, तेवढे घरी आले. नवऱ्याने जिवावर उदार होऊन वाचवलेले मणी! मी ते नव्या पोतीत ओवले, मंडळातल्या बायकांना मिरवून दाखवले. त्या धक्क्याने ह्यांचे पत्तेही सुटले. खोटं कशाला बोलू, मी मनातून त्या चोरांचे आभारच मानले होते. फक्त मागून मोटरसायकल आली की अजून माझा हात आधी गळ्याशी जातो.

पहिला शॉट झकास झाला. ह्यांच्या बोटांतून पत्ते असे सळसळले की लाइटवाले पण "वाह अंकल" म्हणाले. मी खुर्चीत फुगून बसले होते.

पुढच्या शॉटमध्ये हिरो हरत हरत बायकोचं मंगळसूत्र डावावर लावतो. डायरेक्टर म्हणाला, "अंकल, बस गुस्से में टेबल पर फेंक दीजिए."

ह्यांनी फेकलं नाही. एका झटक्यात दोरा तोडला, सोन्याचं पदक बोटाने पुढे सरकवलं, आणि काळे मणी गोळा करून मूठ मांडीवर घेतली.

"कट! अंकल, मोती वापस क्यों ले लिए?"

"उनका कुछ नहीं मिलता," हे खाली बघत म्हणाले. "वो लोग सिर्फ सोना देखते हैं."

"अरे, बिल्कुल असली! यही रखेंगे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मान वर करेनात, मूठही उघडेनात. सोन्याचं मला काही वाटलं नाही. त्या मण्यांना मी रोज हळदकुंकू लावत आले, त्याची लाज वाटली.

काम संपल्यावर आम्ही रिक्षाच्या दिशेने चालू लागलो.

"प्रमोदिनी," हे म्हणाले.

"रस्त्यात नको. लोक बघतायत."

"त्या दिवसानंतर पत्त्यांना शिवलो नाही गं. देवाशपथ."

"माहीत आहे."

"तेवढे मणी तिथे टाकवेनात. घरी आणले. तू विचारलंस, आणि तोंडाला येईल ते बोलून गेलो."

मागून भरधाव मोटरसायकल आली. ह्यांनी दंडाला धरून मला आतल्या बाजूला ओढलं, इतकी वर्षं ओढत आले तसंच.

माझा हात मात्र गळ्याशी गेला नाही. पिशवी धरून मी तशीच चालत राहिले.