चाळणसाहेबांनी टाकलेले वाटाणे

उभी हयात धान्याच्या गोदामात घालवलेल्या माणसासमोर दाण्यांनी भरलेलं ताट ठेवून बाजारात निघून जायचं, आणि परत आल्यावर ते ताट जसंच्या तसं मिळेल अशी आशा धरायची, याला काय म्हणावं? पण सुनेने नेमकं तेच केलं.

गोदामात त्यांना सगळे चाळणसाहेब म्हणत, तेही तोंडावर. पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे आणि किडके, फुटके, सुरकुतलेले उडवून टाकायचे, हेच त्यांचं काम. बोटं इतकी तयार झाली होती की साहेब गप्पा मारत असले तरी ती आपली कामाला लागलेली असायची. मग निवृत्ती आली. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, महिनाभर आमच्याकडे राहून तर बघा. करमलं तर तिकडची भाड्याची खोली सोडून टाका."

महिना सरत आला तरी त्यांचं ठरत नव्हतं. घरात कोणी वाकडा शब्द बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कपबशी विसळायला घेतली की कोणीतरी ती हातातून काढून घ्यायचं. "राहू द्या बाबा, तुम्ही बसा." बसून बसून माणसाचा पाहुणा होतो. ज्याने जन्मभर दाणे बाजूला काढले, त्यालाच आता बाजूला काढल्यासारखं वाटत होतं आणि ते फार लागत होतं.

सून शाळेत जीवशास्त्र शिकवायची. शाळेच्या गच्चीवर वाटाणे लावू द्या म्हणून ती मुख्याध्यापकांच्या मागे लागली होती. त्यांनी तिला वाटाण्याच्याच अक्षता लावल्या, तेव्हा तिने घरच्या बाल्कनीत कुंड्या मांडल्या. गुळगुळीत दाण्याचं एक झाड, सुरकुतलेल्या दाण्याचं दुसरं. एकाचे पराग ब्रशने दुसऱ्याच्या फुलावर टेकवले, मधमाशीने मध्ये लुडबुड करू नये म्हणून फुलांना कागदी टोप्या घातल्या. त्यातून आलेले दाणे झाडून सगळे गुळगुळीत निघाले. पुढच्या हंगामात तेच पेरले. त्या झाडांच्या शेंगा वाळल्या, तिने त्या सोलल्या, आणि आत दोन्ही प्रकारचे दाणे! उद्या वर्गातली मुलं ते मोजणार होती. ताट टेबलावर ठेवून ती लेकीला घेऊन बाजारात गेली.

चाळणसाहेबांनी ताटात डोकावून पाहिलं. एवढी शिकलेली पोर, पण धान्यातलं काही कळत नाही बिचारीला, असं त्यांच्या मनात आलं. हात शिवशिवायला लागले. या घरात करण्यासारखं एक काम शेवटी समोर आलं होतं आणि ते हातातून काढून घ्यायलाही कोणी नव्हतं. खुर्ची ओढून ते बसले आणि तोंडाने शीळ घालत त्यांनी एकूण एक सुरकुतलेला दाणा वेचून काढला. बाल्कनीच्या कठड्यावर कबुतरं होती. त्यांची चंगळ झाली.

सून परतल्यावर त्यांनी ताट पुढे केलं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "बघ, औषधालासुद्धा खराब दाणा सापडायचा नाही."

सुनेने ताट पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "बाबा, सुरकुतलेले कुठायत?"

"कबुतरांना घातले."

"अहो, दोन हंगाम मी त्यांचीच तर वाट बघत होते!" तिचा आवाज चढला. "तीन गुळगुळीत असले तर एक सुरकुतलेला, हेच दाखवायचं होतं मुलांना! आता काय दाखवू? कबुतरं?" एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने भांडी जरा जोरातच वाजायला लागली.

चाळणसाहेबांचं तोंड एवढंएवढंसं झालं. खोलीत जाऊन ते बॅग भरू लागले. तेवढ्यात नात आली. तिचा पाय घरात ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. डोळे घारे, अगदी आजीचे. घरात दुसऱ्या कोणाचेच तसे नव्हते. त्या डोळ्यांकडे पाहिलं की साहेबांना बायको आठवायची, म्हणून ते सहसा पाहायचेच नाहीत.

"आजोबा, बॅग कशाला भरताय?"

"खोलीवर जातो बाळा. इथे माझी नुसती अडचणच."

भिंगरीने तिथूनच भोंगा वाजवला, "आई! आजोबा चालले!"

सून ओल्या हातांनी धावत आली. तिने बॅग पाहिली, सासऱ्यांचा चेहरा पाहिला, आणि तिला एकदम हसू फुटलं. "चिडले मी, चुकलंच. पण बाबा, उद्या कुठेही जायचं नाही. उद्या तुम्ही माझ्याबरोबर शाळेत यायचं."

"मी? कशाला?"

"धडा बदललाय. आनुवंशिकतेच्या जोडीला उत्क्रांतीही घेते. आणि त्यासाठी मला तुम्हीच लागणार."

दुसऱ्या दिवशी वर्गात ते फळ्याशेजारी खुर्चीवर बसले तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. सून मुलांना सांगत होती, "साधी पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही नव्या पेशींना सगळं सारखं मिळतं. पण परागातली आणि बीजांडातली पेशी तयार होताना गुण सांगणाऱ्या चिठ्ठ्यांच्या, म्हणजे जनुकांच्या, जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतली एकच चिठ्ठी पुढे जाते. म्हणून दाण्याकडे एक चिठ्ठी आईची, एक बापाची. दोन्हींपैकी एक जरी गुळगुळीत म्हणाली, तरी दाणा गुळगुळीत. दोन्ही सुरकुत्या म्हणाल्या तरच सुरकुतलेला." मग तिने सासऱ्यांकडे हात केला. "आणि हे माझे सासरे. यांनी काल एका बैठकीत सगळे सुरकुतलेले कबुतरांना घातले."

वर्ग खो खो हसला. सूनही हसली आणि पुढे म्हणाली, "हसू नका. निसर्गात थंडी, दुष्काळ, शिकारी हेच करतात. फरक इतकाच, की त्यांच्या मनात काही नसतं. जे मागे राहतात त्यांचीच पुढे पोरंबाळं होतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं की अख्खी जात बदलते."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "आजोबा, ते सुरकुतलेले उगवले नसते का?"

चाळणसाहेब गडबडले. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "उगवले असते की," ते सावकाश म्हणाले. "आम्ही नुसतं रूप बघून टाकायचो."

"मग आता ते कायमचे संपले?" मागून कोणीतरी विचारलं.

वर्गात दोन तट पडले. सुनेने सगळ्यांना भांडू दिलं आणि मग ती म्हणाली, "राहिलेले गुळगुळीत पेरू, म्हणजे कळेल. पण कुंड्या बघणार कोण? मला शाळा. आणि यांच्या लेकाला तण कुठलं आणि रोप कुठलं ते कळत नाही."

"मी बघीन," चाळणसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

शेंगा धरून वाळेपर्यंत काही महिने जातात, हे घरी जाताना वाटेत त्यांच्या ध्यानात आलं. सुनेने हे मुद्दाम केलं असणार, असा त्यांना दाट संशय आला. तरी त्याच संध्याकाळी त्यांनी मित्राला फोन केला आणि खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकायला सांगितलं.

त्यांनी ती झाडं तळहाताच्या फोडासारखी जपली. शेंगा वाळल्यावर आजोबा आणि नात बाल्कनीत सोलायला बसले. पहिल्या कुंडीतले सगळे गुळगुळीत. साहेबांनी पुढच्या शेंगा घाईघाईने ओढल्या. दुसऱ्या कुंडीतली एक शेंग उघडली, बोटं सवयीने एक दाणा उडवायला वर उचलली गेली, आणि तशीच थांबली.

"आला!" ते लहान मुलासारखे ओरडले. "सूनबाई, आला बघ! मी एकेक वेचून टाकला होता, तरी आला!"

सून बाहेर आली. "येणारच. गुळगुळीतांच्या पोटात लपला होता."

साहेबांनी तळहातावरचा दाणा पाहिला. मग मान वर करून, आल्यापासून पहिल्यांदा, नातीच्या घाऱ्या डोळ्यांकडे भरपूर वेळ पाहिलं. "मग हिचे डोळे..."

"डोळ्यांचा हिशेब वाटाण्याहून किचकट असतो, बाबा," सून हळूच म्हणाली. "पण हो. आईंची चिठ्ठी तुमच्या लेकाने इतकी वर्षं जपून ठेवली होती, त्यालाही न कळता. दुसरी माझ्या आजोबांची, तेही घारेच. निम्मं श्रेय आमच्याकडे!"

बायको गेली तेव्हा तिचं सगळंच गेलं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"आजोबा, तुम्ही रडताय?" भिंगरीने वाकून विचारलं.

"छे गं," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले. कठड्यावर कबुतर येऊन बसलं होतं आणि मान वाकडी करून त्यांच्या तळहाताकडे बघत होतं. चाळणसाहेबांनी मूठ घट्ट मिटली.

"चल, हट्! हा पेरायचाय."