तोंडाने लावलेली तीट

आमच्या शंतनूला टीमने काढून टाकलं, त्यात माझा वाटा किती, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. आमचे त्र्यंबकराव म्हणतात, त्याची बॅटिंगच कच्ची होती, तू उगाच अंगाला लावून घेऊ नकोस. हाच माणूस त्या रविवारी परतताना गाडीत माझ्याशी चाळीस मैल एक शब्द बोलला नव्हता.

शंतनू बेसबॉल खेळतो. खेळायचा, असं म्हणायला हवं आता. हर्नडनमध्ये वाढलेल्या मराठी मुलांनी कॉम्प्युटर करायचं असतं, फारच बंडखोर असली तर वकिली. आमच्याने ग्लव्ह उचलला. कॉलेज संपता संपता ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एका मोठ्या टीमने त्याला घेतलं आणि खाली मायनर लीगमध्ये धाडलं. मायनर लीग म्हणजे मोठ्या टीमच्या दारापर्यंत जाणारा चार पायऱ्यांचा जिना. शंतनू दीड वर्ष पहिल्याच पायरीवर होता. नशिबाने त्या पायरीचं गाव आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे त्यांच्या मैदानावर मॅच असली की रविवारी आम्ही डबा घेऊन हजर.

तो शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, जमिनीलगत सुसाट येणारा बॉल अडवायचा आणि पळणारा पोचायच्या आत तो पहिल्या बेसकडे फेकायचा. शंतनूला हे फार सुंदर जमतं. एवढं साधं वाक्य लिहितानासुद्धा माझा हात अडखळतो, कारण आमच्याकडे आपल्या लेकराचं कौतुक आपण करत नाही. मी बोर्डात आले तेव्हा नागपुरात धरमपेठेतल्या शेजारच्या काकू पेढे घ्यायला आल्या, तर माझी आई त्यांना म्हणाली, "कसली हुशार? पोळी अजून गोल येत नाही." आईला किती आनंद झालाय ते काकूंनाही कळलं आणि मलाही कळलं. दृष्ट लागू नये म्हणून असं बोलतात, हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे.

शंतनू लहान असताना मी त्याच्या गालाला काजळाची तीट लावायचे. डे-केअरच्या बाईने ती दोनदा पुसून टाकली आणि तिसऱ्यांदा मला बाजूला घेऊन विचारलं, हा कसला डाग, घरी सगळं ठीक आहे ना? मी घाबरले. काजळ बंद केलं आणि तोंडाने तीट लावायला लागले. कुणी म्हटलं किती गोड, की मी म्हणणार, रात्रभर छळतो. कुणी म्हटलं उंच झाला, की मी म्हणणार, नुसता उंटासारखा वाढलाय. आणि सगळ्यात हातखंडा तीट म्हणजे "आळशी". ती कुठेही खपायची. त्यातून माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे पगारच चुका काढण्याचा.

जुलैत शंतनूचा फोन आला. आवाज हळू होता.

"आई, या वीकेंडला एक जण येतोय. मिस्टर हॅलोरन. ऑर्गनायझेशनचे सगळे इनफिल्डर्स, म्हणजे बेसजवळ खेळणारे, तोच बघतो. आम्ही दोन शॉर्टस्टॉप आहोत, आणि नवीन ड्राफ्टमधून तिसरा येतोय. सो, एक जण वर जाणार आणि एक जण घरी."

"मग तू जाशील की वर."

"माझी बॅटिंग अशी आहे ना, की इट्स ऑल ऑन माय ग्लव्ह. तो काय लिहितो त्याच्यावर आहे. तुम्ही या, पण प्लीज, जस्ट बी नॉर्मल."

मी नॉर्मलच वागले. तेच तर झालं.

रविवारी दुपारी एकची मॅच, ऊन असं की बाकाला हात लावला तर चटका बसावा. आम्ही होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागे बसलो होतो. माझ्या शेजारी एक सत्तरीचा माणूस येऊन बसला. गवती हॅट, हातात स्टॉपवॉच, गुडघ्यावर छोटी वही. तो दर बॉलला शंतनूकडे बघत होता, बॅटिंग करणाऱ्याकडे नाही. मला लगेच कळलं की हाच तो. त्र्यंबकरावांना मी कोपराने ढोसलं, तर ते म्हणाले, "मी लिंबूपाणी घेऊन येतो," आणि उठून गेले. अवघड वेळ आली की आमच्याकडे पुरुषमाणसांना तहान लागते.

चौथ्या इनिंगला एक बॉल खूप लांब डावीकडे गेला. मला वाटलं गेला. शंतनू चार पावलं सरकला, ना धावपळ ना झडप, बॉल जणू त्याच्याच घरी यायला निघाला होता. घेतला, फेकला, पळणारा अर्ध्या पावलाने आऊट. शेजारच्या माणसाने स्टॉपवॉच दाबलं, आकडा बघितला आणि स्वतःशीच हसला.

मी न राहवून म्हटलं, "दॅट इज माय सन."

त्याने हॅट उचलली, नाव सांगितलं. मी त्याच्यापुढे चकल्यांचा डबा केला. त्याने एक घेतली, आवडली असावी, कारण दुसरी न विचारता घेतली. मग तो जे बोलला ते इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

"मॅडम, असे हात मी कित्येक वर्षांत बघितले नाहीत. फार सुंदर हात आहेत तुमच्या मुलाचे."

बावीस वर्षांत माझ्या लेकराबद्दल एवढं मोठं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही असं उघड्यावर, भर दुपारी, चार माणसांत. मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. खरंच वाटली.

"हात कसले," मी हसत म्हटलं, "घरी एक कप उचलून सिंकमध्ये ठेवत नाही."

तोही हसला. मग मैदानाकडे बघत म्हणाला, "मला एक सांगा. हा सगळं इतकं सहज करतो की चाळीस वर्षं हे काम करूनही मला इथे बसून कळत नाहीये. याचं अंगच असं सैल आणि शांत आहे, की मुलगा आळशी आहे? या दोन गोष्टी लांबून अगदी सारख्या दिसतात. आईला माहीत असतं."

आता यात विचार करण्यासारखं काय होतं? माणूस सरळ विचारत होता. मला फक्त खरं सांगायचं होतं. पण मघाचं ते "सुंदर हात" अजून हवेत तसंच होतं, त्याला कुठेतरी काळं लावल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. आणि तोंडातून आलं ते सवयीने आलं.

"लेझी! नंबर वन लेझी! मी ओरडले नाही तर बेडमधून उठणार नाही."

मी मोठ्याने हसले. हॅलोरनसाहेब हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि वहीत एक ओळ लिहिली. तेवढ्यात लिंबूपाणी आलं. त्र्यंबकरावांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. निघताना हॅलोरननी मला आपलं कार्ड दिलं आणि चकलीबद्दल आभार मानले.

घरी पोचल्यावर, गाडी गॅरेजमध्ये लागल्यावर त्र्यंबकराव बोलले.

"सुलेखा, तो लिहीत होता."

"अहो, गंमत केली मी. त्याला कळत नाही का? आई असं बोलते म्हणजे काय ते कुणालाही कळतं."

"नागपुरात कळतं," ते म्हणाले आणि आत गेले.

सोमवार मी कसाबसा काढला. स्वतःला समजावत राहिले की एवढा अनुभवी माणूस, एका बाईच्या थट्टेवर थोडाच निकाल देणार. मंगळवारी सकाळी ऑफिसचा कॉल बंद केला आणि कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. त्याने उचलला, मला ओळखलं, चकलीही आठवली.

मी म्हटलं, "सर, मी त्या दिवशी खोटं बोलले."

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलाचं कौतुक केलं, एका परक्या माणसापाशी, इंग्रजीत. सांगितलं की कोविडच्या वर्षी सगळी मैदानं बंद होती तेव्हा हा रोज बेसमेंटमध्ये गुडघ्यावर बसून भिंतीवर टेनिसबॉल मारायचा आणि झेलायचा, हजार झाल्याशिवाय जेवायला वर येत नसे, वर माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ठक ठक ऐकू जायचं. सांगितलं की बोट मोडलं तेव्हा प्लास्टर असताना डाव्या हाताने जेवायला शिकला आणि उजव्या खांद्याचा व्यायाम चालूच ठेवला. सांगितलं की याला मी कधी उठवलेलं नाही, मी उठते तेव्हा हा घरात नसतोच. बोलता बोलता मी रडायला लागले. दृष्ट हा शब्द इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, तर ते असं काही वेडगळ ऐकू आलं की अर्ध्यातच सोडला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मग म्हणाला, "रिपोर्ट रविवारीच गेला, मॅडम. पण मी नोंद करून ठेवतो."

आपल्याकडे कचेरीतला बाबू "बघतो" म्हणतो, तसं होतं ते. मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. शंतनूला यातलं काहीच सांगायचं धाडस मला झालं नाही.

गुरुवारी सकाळी अकराला ड्राइव्हवेमध्ये त्याची गाडी आली. मागच्या सीटवर सगळं सामान होतं, उशीसकट. मी दारातच उभी राहिले. तो बॅग घेऊन आत आला, किचनमधल्या स्टुलावर बसला आणि पाणी प्यायला.

"दे रिलीज्ड मी," तो म्हणाला. "दुसरा मुलगा वर गेला. तो डिझर्व्ह करतो, आई, हिटिंग चांगलं आहे त्याचं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने ठेवू दिला.

"मॅनेजर नाइस आहे. मी म्हटलं, मला रिपोर्ट ऐकायचाय, त्याने वाचून दाखवला. हात सिक्स्टी. ते खूप चांगलं असतं, आई, एटी मॅक्स असतं आणि एटी कुणालाच देत नाहीत. बॅट थर्टी-फाइव्ह, ते मला माहीतच होतं." तो ग्लास फिरवत राहिला. "आणि लास्ट लाइन अशी होती की, हा ईझी आहे का लेझी, मला सांगता येत नाही. मदर सेज लेझी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"अरे, तसं म्हणतात आपल्यात," मी म्हटलं. "तो तुझं इतकं कौतुक करत होता, मला भीती वाटली. दृष्ट लागू नये म्हणून..."

"आय नो दृष्ट, आई. मीठ, मोहरी, मिरच्या. मला माहितीये. लोकांसमोर तू तसं करतेस, दॅट आय गेट." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण कुणी नसतानाही तू तेच म्हणतेस. मी ड्राफ्ट झालो त्या दिवशी, इथेच, आपण दोघंच होतो. मी तुला फोन दाखवला आणि तू म्हणालीस, आता तरी आळस सोड. तेव्हा कुणाची दृष्ट लागणार होती?"

उत्तर होतं माझ्याकडे. आमच्यात म्हणतात की सगळ्यात आधी आईचीच दृष्ट लागते. त्या दिवशी तो फोन बघून मला इतकं भरून आलं होतं की मी स्वतःलाच घाबरले होते.

"माझी," मी म्हटलं.

त्याला ते कळलं की नाही, देव जाणे. तो "ओके" म्हणाला. मग, अगदी लहान असताना विचारायचा तसं, म्हणाला, "मला वाटायचं, तुला खरंच तसं वाटतं. आय मीन, यू'ड नो. यू आर माय मॉम."

म्हणजे हॅलोरन एकटा नव्हता. माझं बोलणं खरं मानणारा या घरातच बावीस वर्षं होता. मी त्याच्यासमोर बसले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तळवे खरखरीत, बोटांवर जुने व्रण. मी म्हटलं, "शंतनू, तू फार सुंदर खेळतोस. तुझ्याइतकी मेहनत मी कुणाला करताना बघितलं नाही. मला तुझा फार अभिमान आहे."

सगळी वाक्यं एकही तीट न लावता म्हटली.

त्याने ती शांतपणे ऐकली. मग हळूच हात सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मीच पोर आणि तो मोठा असल्यासारखं.

"थँक्स, आई," तो म्हणाला. "पण तू हे आत्ता म्हणतीयेस, बिकॉज आय गॉट कट. इट्स ओके. यू डोंट हॅव टू."

मी म्हटलं, "नाही रे, तसं नाही." दोनदा म्हटलं. तो बॅग उचलून वर आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.