जमेल तेवढं

यारेलीच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातांवर धरलं होतं, म्हणून मी तिची धर्ममाता आणि तिची आई नोएमी माझी कोमाद्रे. आमच्या टेक्ससच्या या सरहद्दीवर हे नातं सख्ख्या बहिणीच्याही वरचं. पिकअपच्या मागच्या हौद्यातून पोर पडली, मेंदूला मार बसून उजवा हात लुळा पडला, तेव्हा इस्पितळानं देऊ केलेला स्पॅनिशचा दुभाष्या नोएमीनं साफ नाकारला.

"घरातलं दुखणं परक्याच्या तोंडून कशाला ऐकू? माझी कोमाद्रे आहे ना! इंग्रजी फाडफाड बोलते."

शाळेच्या खानावळीत पोरांना जेवण वाढता वाढता शिकलेलं माझं इंग्रजी. मी फुगलेच. देवा, क्षमा कर.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या मिस डेनिसनं पहिल्याच दिवशी बजावलं, "चांगल्या डाव्या हातात रोज सहा तास हा जाड हातमोजा. जेवतानाही. घास उजव्यानंच घ्यायचा. रडली तरी भरवायचं नाही. हे पहिले महिने हातचे गेले तर पुढे फार कठीण."

नोएमीचे डोळे आधीच भरून आलेले. मी तिला सांगितलं, "मोजा घालायचा, कोमाद्रे. जमेल तेवढं. फारच रडली तर राहू दे."

कडू बोलणं जसंच्या तसं दुसऱ्याच्या पुढ्यात टाकणं आमच्यात उद्धटपणा समजतात. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. "किती मायाळू गं तू!" हे ऐकायची मला चटक लागली होती.

घरी नोएमीची सासू, दोन्या कोन्सुएलो, टॉर्टियाचे तुकडे मोडून नातीला भरवायची. "चांगला हात बांधून जेवू घालायचं? पोर आहे की दावणीचं वासरू?" मी हसले आणि मोजा कपाटावर ठेवून दिला. मीच.

आमचे फादर उपदेश करता करता गाऊ लागतात; तेवढ्यासाठी मी पहिल्या बाकावर बसते. एका रविवारी त्यांनी आळवलं, 'मधानं जखम झाकशील, बये, पण धुणार कधी?' मी डोळे मिटून टाळ्यांची साथ दिली. वाटलं, हे दोन्या कोन्सुएलोनं ऐकायला हवं होतं.

तीन महिन्यांनी मिस डेनिसनं यारेलीपुढे ठोकळे ठेवले. उजवा हात टेबलावर तसाच पडून राहिला. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता मला म्हणाली, "घरच्यांनी मनावर घेतलेलं दिसत नाही. आईला तसं सांगा."

नोएमी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणते गं? बरं आहे ना?"

'म्हणते, हळूहळू होईल.' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मला त्याचीच लाज वाटली.

"म्हणते, तू मनावर घेतलं नाहीस," मी म्हटलं. "पण ते खोटं आहे, नोएमी. तिनं रोज सहा तास सांगितलं होतं. जेवतानाही. रडली तरी. 'जमेल तेवढं' हे माझं होतं."

मग तेच मिस डेनिसला इंग्रजीत सांगितलं. फाडफाड नाही, अडखळत. तिनं वहीतलं ते वाक्य खोडलं.

नोएमी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या सासूला मी देवासारखं मानते, पण पोरीसाठी तिच्याही हातातला घास मी काढून घेतला असता. तू मला विचारलंसुद्धा नाहीस." आणि मिस डेनिसकडे वळून तिनं टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. फोनवरचा परका दुभाष्या हवा होता तिला.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आतून फोनमधल्या बाईचा कोरडा आवाज येत होता. एकही शब्द ती गोड करत नव्हती. नोएमी प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. मी सोबत असताना तिनं एकही विचारला नव्हता.

तासाभरानं दाराची मूठ हलली. काचेतून दिसलं, यारेलीच्या डाव्या हातात मोजा होता आणि उजव्यानं ती मूठ धरू पाहत होती. बोटं घसरत होती. तिचा चेहरा रडवेला झाला. तिच्यामागे नोएमी हाताची घडी घालून उभी.

मी ताडकन उठले, दोन पावलं गेले, आणि थांबले. दार उघडायला पुढे केलेला हात मागे घेतला.

नोएमीनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. मीही मान खाली घातली आणि तशीच उभी राहिले.