कुकरमध्ये न टाकलेली रताळी

आमच्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांत रोपं वाढवतात. त्यातल्या टाकून द्यायच्या बाटल्या माझ्याकडे येतात. मोठ्या कुकरमध्ये वाफवून आतली रोपं मारायची, मग बाटल्या धुवायच्या. नाशिकला आल्यापासून हेच काम.

सोमवारी आलेल्या क्रेटवर चिमणाचं अक्षर होतं.

चिमणा माझी बायको. आत कटिंगला, रोपं कापून नव्या बाटलीत लावायला होती. आषाढात गेली. क्रेटमधली ही रताळ्याची रोपं तिच्या माहेरची, पेठकडची. तिथं आता ती कोणी लावत नाही. वाढू नयेत म्हणून इथं थंड खोलीत, कमी उजेडात ठेवलेली. वर्षातून एकदा कापून नव्या बाटलीत लावावी लागतात. यंदाची वेळ तिच्या आजारपणात टळली.

घरी तिच्या साड्या बहिणीनं वाटून टाकल्या, तेव्हा मी गप्प बसलो होतो. हा क्रेट मात्र उचलून राकेश सरांच्या टेबलावर ठेवला. सर लॅबचे नवे साहेब, दिवाळीनंतर आलेले.

"मामा, हे इकडं कशाला?"

"कुकरला लावणार नाय."

"मेलीत ती. वर्षात बोटभर वाढली नाहीत."

"वाढू नये म्हणूनच थंडीत ठेवलीत. तुम्हाला कोणी सांगितलं नाय का?"

कटिंगवाली तृप्ती तोंड फिरवून हसली.

"पानं पिवळी पडलीत. रॅक मला केळीला पाहिजे."

"पानं नका बघू, पेरं बघा."

"तुमच्या मिसेसचं आहे म्हणून तुम्ही..."

"म्हणूनच. दुसऱ्याचं असतं तर न बघता वाफवलं असतं. आजवर किती जितं वाफवलं, देव जाणे."

"म्हणजे कामाला नाही म्हणताय?"

"ह्या कामाला. दुसरा माणूस ठेवा. पण तो येईस्तोवर हा क्रेट माझ्याजवळ राहील."

तृप्तीनं एक बाटली उजेडाकडे धरली. "सर, खालचं पेर हिरवं आहे. लावून बघते."

"एक बाटली," सर म्हणाले.

"चोवीसच्या चोवीस," मी म्हणालो.

तृप्तीचं कापून होईपर्यंत मी दारात उभा राहिलो. अकरांत हिरवी पेरं निघाली. तेरा वाळलेल्या. त्या मी स्वतः वाफवल्या.

"नवीन लावलेली उबेत ठेवा," सर म्हणाले. "महिन्यात वाढून दाखवू देत."

"एक ठेवा तुमच्यासाठी. बाकी थंडीतच."

"आणि केळी?"

"केळीला दुसरा रॅक बघा."

सर फोन घेऊन बाहेर गेले. तृप्तीनं हळूच विचारलं, "मामा, पुढच्या वर्षी कापायची आठवण कोण ठेवणार?"

"मी. आणि तू कापायची. शिकवलंय ना तिनं तुला?"