शिकंज्यात नऊ मॉड्यूल

बॅटरीचं सत्ताविसावं मॉड्यूल कसंबसं पेटीत गेलं आणि अठ्ठाविसावं काही केल्या बसेना. ठिणगीने ते आधी लाडीगोडीने सरकवलं, मग दम देऊन, मग अंगठे लालबुंद होईपर्यंत रेटून. मॉड्यूल ढिम्म! पेटीत उरली होती जेमतेम अर्ध्या बोटाची फट.

जेवणाच्या टेबलावर आईच्या हायब्रिड गाडीची बॅटरी उघडी पडली होती. गेला पंधरवडा घरातले तिघेही ताटल्या मांडीवर घेऊन जेवत होते. आई नर्स. घरोघरी जाऊन पेशंटच्या जखमा बांधणारी, इंजेक्शनं देणारी. गाडीने मान टाकली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी नवी घाला, नाहीतर भंगारात द्या," आणि मोकळा झाला. वर ऑफिसचा निरोप आला: सोमवारी गाडी नसेल तर आईचे सगळे पेशंट दुसऱ्या नर्सकडे. आणि आज रविवार उजाडला होता.

"मी करते दुरुस्त," असं ठिणगीनेच ठणकावलं होतं. रबरी हातमोजे घालून, सेफ्टी प्लग काढून, मीटरवर शून्य दिसल्यावरच तिने बॅटरी उघडली. आतली मॉड्यूलं म्हणजे काळ्या, चपट्या, लांबट डब्या. एकेक भरायची, दिव्याला जोडून रिकामी करायची, पुन्हा भरायची. दोन तर कायमचीच गेली होती, ती भंगारवाल्याकडून बदलून आणली. बाकीची मरगळ झटकून उठली. अट एकच: भरताना मॉड्यूलं दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळलेली हवीत, नाहीतर फुगतात.

काल शेवटची नऊ उरली तेव्हा बाबांनी विचारलंही होतं, "ही मोकळीच ठेवलीस?"

"एवढीशी तर राहिलीत, बाबा! काही होत नाही!"

झालं होतं. नऊच्या नऊ जेवून तट्ट झालेल्या पाहुण्यांसारखी फुगून बसली होती.

"राहू दे गं," आई दारातून म्हणाली. "खूप केलंस. मी ऑफिसला कळवून टाकते."

"फोन खाली ठेव!" ठिणगी इतक्या जोरात ओरडली की आईने खरंच ठेवला. "फुगलीत ना? मग दाबू. पण एकदम नाही, हळूहळू." बोलता बोलता तिची नजर बाबांच्या खोलीकडे गेली. बाबा बुकबाइंडर. खोलीच्या मधोमध त्यांचा लोखंडी शिकंजा, वर गोल चाक, खाली सपाट पाट. "बाबा..."

"नाही."

"अजून मी काही बोललेसुद्धा नाही!"

"तुझे डोळे बोलले. लायब्ररीचे शब्दकोश आहेत त्यात. डिंक ओला आहे. आत्ता काढले तर पुठ्ठे वाकतील."

"वजन ठेवलं तर?"

"एवढं वजन आणणार कुठून?"

ठिणगीने आईकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय दोघं?" आई म्हणाली.

पाचव्या मिनिटाला आई शब्दकोशांच्या थप्पीवर फळी टाकून बसली होती, ताठ, सिंहासनावर बसल्यासारखी. "चहा इथेच आणून द्यायचा," तिने बजावलं. "आणि मला कुणी वजन म्हणायचं नाही."

इकडे पेटीतून परत काढलेली फुगीर नऊ मॉड्यूलं शिकंज्यात उभी राहिली. ठिणगीने प्रत्येकाला गाडीचा एकेक जुना दिवा जोडला. दिवे मंद पिवळे पेटले, मॉड्यूलं रिकामी व्हायला लागली. बाबांनी चाकावर हात ठेवला.

"अजून फिरवा ना!"

"थांब. कडा तडकली तर सगळं मुसळ केरात." त्यांनी चाक पाव फेरा फिरवलं आणि सोडून दिलं. "आता जरा वाट बघ."

वाट बघणं म्हणजे ठिणगीला शिक्षाच. कालचा घोळ याच घाईपायी झाला होता, म्हणून तिने हात पाठीमागे बांधले आणि नुसती दिव्यांकडे बघत राहिली. दिवे विझत आले की मीटर लावायची. बाबा पाव फेरा द्यायचे. पुन्हा वाट. मग आवळलेल्या अवस्थेतच तिने नऊही पुन्हा भरली. या वेळी मध्येच जाऊन एकदाही चाचपलं नाही. हात लावून बघायला मात्र जीव नुसता वळवळत होता.

दिवस कलताना शेवटचं मॉड्यूल पेटीत सरकलं. टक्! आई थप्पीवरून उठून टाळ्या वाजवायला गेली तर बाबा ओरडले, "बस खाली!"

रात्रीच बॅटरी गाडीत बसवून झाली होती. सोमवारी सकाळी तिघं गाडीत बसली. आईने बटण दाबलं. आवाज नाही. काहीच नाही.

"गेली?" आईने हळूच विचारलं.

"आई, विसरलीस? ही गाडी सुरू होताना ओरडत नाही! समोर बघ!"

काचेखाली हिरवा दिवा लागला होता. धोक्याचा लाल त्रिकोण, जो गाडीने मान टाकली तेव्हा डोळे वटारून बसला होता, गायब. तरी ठिणगीने बाबांना हर्षवायू होऊ दिला नाही. "उतार येऊ दे. उतारावर ब्रेक दाबल्यावर बॅटरी आपोआप भरली तर खरं."

कोपऱ्यावरचा उतार आला. आईने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. पडद्यावर बॅटरीची एक पट्टी वाढली. मग दुसरी. मागच्या सीटवरून बाबांनी पडद्याकडे वाकलेल्या ठिणगीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती पुढे आदळली.

आईने रस्त्यावरची नजर ढळू दिली नाही. "ऑफिसला फोन लाव," ती म्हणाली, "आणि सांग, माझे पेशंट माझ्याकडेच राहतील. पहिल्या पेशंटकडे मी निघालेसुद्धा."