मळखाऊ नॅपकिन

त्या सोमवारी सकाळी वृद्धाश्रमात एकतीस माणसं राहत होती. बायका एकोणीस, पुरुष बारा. त्यांपैकी अंथरुणाला खिळलेली चार. संडास सहा, त्यांतले चालू पाच. जेवणघराबाहेर बेसिन एक, नळ दोन, साबणाची वडी एक, तीही झिजून बोटाएवढी झालेली. जुलाब लागलेली माणसं तीन.

ही मोजदाद दामिनीनं केली. वय चोवीस, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. दोन महिन्यांपूर्वी ती इथे आरोग्य समन्वयक म्हणून लागली, कारण संस्थेच्या अनुदानाच्या अर्जात असा माणूस नेमल्याचा रकाना होता. रकाना भरला आणि त्यानंतर तिला काम काय द्यायचं हे कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे जुलाबाची बातमी आली तेव्हा तिला वाईट वाटलं हे खरं, पण पाय जरा हलके पडले हेही खरं.

मंगळवारपासून हात धुण्याची मोहीम सुरू झाली. बेसिनवर सहा पायऱ्यांचा तक्ता लागला. साबणाच्या नव्या वड्या आल्या. सहावी पायरी होती 'स्वच्छ कापडाने हात कोरडे करणे', म्हणून दामिनी स्वतः गांधीबागेच्या बाजारात जाऊन एक जाडजूड नॅपकिन घेऊन आली. दुकानदार पांढरा दाखवत होता. पण घरात आईनं शिकवलेलं असतं ते विद्यापीठातून बाहेर पडल्यावरही सुटत नाही. तिनं मरून रंगाचा घेतला, मळखाऊ.

दोन्ही वेळच्या जेवणाआधी ती वही घेऊन बेसिनपाशी उभी राहायची. सहाच्या सहा पायऱ्या झाल्या तरच नावापुढे बरोबरची खूण. चालत्याफिरत्या सत्तावीस जणांपैकी सव्वीस जणांनी शाळकरी पोरांच्या ईर्ष्येनं खुणा मिळवल्या. शोभाताई तर दिवसातून चारदा हात धुऊन जायच्या आणि "लिहिलं का वं?" असं विचारून खात्री करून घ्यायच्या. खूण नसलेला माणूस एकच, चंपतराव. सावनेरकडचे शेतकरी, खांद्यावर कायम दुपट्टा. हात धुवायचे आणि त्या दुपट्ट्यालाच पुसायचे.

"काकाजी, हे चालत नाही," दामिनी म्हणायची.

"तुह्या वहीत नसन चालत, पोरी. माह्यं साठ वर्षं चालून राहिलं."

आठ दिवसांत जुलाबाचे रुग्ण तीनवरून अकरा झाले. आठव्या रात्री शोभाताईंना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. तपासणीचा अहवाल आला, शिगेला. हा जंतू दहा-वीसच्या संख्येनं पोटात गेला तरी माणसाला आडवं करतो.

बुधवारी व्यवस्थापक मनोहररावांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेला नीटनेटका माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हात तर सगळे धुतातच, वहीत पुरावा आहे. मग दोष उरला स्वयंपाकघराचा. रविवारी विश्वस्तांची बैठक आहे, त्यात इंदूबाईला मोकळं करायचं.

इंदूबाई सात वर्षांपासून आश्रमाचा स्वयंपाक करत होती. राहायलाही तिथेच होती, कोठीशेजारच्या खोलीत. तिला मोकळं करणं म्हणजे छप्पर काढून घेणं. आणि जुलाबाचा डाग घेऊन निघालेल्या बाईला नागपुरात कोण पोळ्या लाटायला ठेवणार?

"सात वर्षं माह्या हातचं खाऊन कोणाले ढेकर सोडून काही आलं नाही," ती दामिनीला म्हणाली. "आताच काहून आलं? तू शिकली हायेस ना बाई, मंग सांग नं!"

"तुमचीही शौचाची तपासणी करावी लागेल, इंदूबाई."

"घे. आतापावतर लोकं माह्या भाजीची तारीफ करत होते. आता हेही तपासा."

त्या दुपारी दामिनीनं कागद आखला. कुणी काय खाल्लं, कोण कुठे झोपतं, कोण कोणता संडास वापरतं. पहिली अडचण लगेच आली. दोघी जणींचा डबा महाल भागात राहणाऱ्या एकीच्या मुलीकडून यायचा, इंदूबाईच्या हातचा कणही त्या खात नव्हत्या, आणि दोघीही आजारी होत्या. दुसरी अडचण त्याहून वाईट होती. अंथरुणावरची चारही माणसं तिन्ही त्रिकाळ इंदूबाईचंच खात होती, आणि ती चारही ठणठणीत होती. म्हणजे ज्यांना उठता येत नव्हतं ते धडधाकट होते, आणि चालतेफिरते आडवे पडत होते.

मग तिनं कौतुकाची ती वही उघडली आणि खुणा मोजल्या. ज्यांच्या खुणा सर्वांत जास्त, त्यांत आजारी जास्त. शोभाताईंच्या बत्तीस. चंपतरावांच्या शून्य, आणि ते ठणठणीत. तिला वाटलं बेरीज चुकली. पुन्हा केली. बेरीज चुकली नव्हती.

चंपतराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"काकाजी, तुम्ही त्या नॅपकिनला हात का नाही पुसत?"

"पाह्य ना पोरी, सव्वीस जण पुसतेत त्याले. सकाळी गिला, संध्याकाळी गिला. गिल्या कपड्यानं कोणी पुसते का?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठी? तू तं फुली मारून राहिली होतीस."

नॅपकिन दर सोमवारी बदलायचा असा नियम होता. या सोमवारी तो पाळला गेला नव्हता, कारण कापड मळलेलं दिसतच नव्हतं. दामिनी बेसिनपाशी गेली. मरून कापड सुरेख लटकत होतं. तिनं हात लावला. तिसऱ्या प्रहरीही ते ओलं होतं. तिनं ते काढून पिशवीत बंद केलं.

गुरुवारी सकाळी नॅपकिनचा एक तुकडा, नळाचं पाणी आणि इंदूबाईचा नमुना घेऊन ती आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. शनिवारी निकाल हाती आला. पाणी स्वच्छ. इंदूबाई स्वच्छ. नॅपकिनच्या ताटलीत जंतूंच्या वसाहती मोजता न येण्याइतक्या, आणि त्यांत शिगेलाही.

रविवारी बैठकीआधी ती मनोहररावांच्या खोलीत गेली. त्यांनी कागद दोनदा वाचला, बँकेत चेकवरची सही पाहतात तसा.

"म्हणजे आपण हात धुतले म्हणून लोक आजारी पडले, असं मी विश्वस्तांना सांगू?"

"हात पुसले म्हणून, सर."

"नॅपकिन कुणी आणला?"

"मी."

"रंग कुणी निवडला?"

"मीच."

मनोहररावांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "स्वयंपाकीण बदलणं सोपं होतं हो. तुम्हाला काढायचं तर अर्जातला रकाना रिकामा होतो." हे त्यांनी इतक्या खऱ्या खेदानं म्हटलं की दामिनीला त्यांची समजूत काढावीशी वाटली.

बैठकीत ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. एका विश्वस्तांनी विचारलं की मग हात धुणं बंद करायचं का. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बैठक संपल्यावर तिनं दामिनीच्या हातात कप दिला.

"तुह्याकडून चूक झाली तं तिचा शोध निघाला," ती म्हणाली. "माह्याकडून झाली म्हणले तं माह्यी पेटी निघत होती. पी, चहा थंड होऊन राहिला."

त्याच दुपारी नॅपकिन जाळला. सोमवारी प्रत्येकाला नाव घातलेले दोन पांढरे पंचे मिळाले, रोज एक उकळत्या पाण्यात जायचा. आजारी माणसांना दोन संडास वेगळे ठेवले. कड्या, नळ आणि संडासाची दारं दिवसातून तीनदा ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायची ठरली. बत्तीस खुणांच्या शोभाताई दवाखान्यातून परत आल्या आणि वही कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. दामिनीनं वहीत नवा तक्ता आखला आणि तीन आठवडे रोज भरला.

पहिले तीन दिवस: नवे रुग्ण दोन. पुढचे अठरा दिवस: नवे रुग्ण शून्य. स्वयंपाकघरात इंदूबाई: हजर एकवीस दिवस, खाडे शून्य.